नृसिंहाची वेळ

वैशाख महिन्यात मध्यमवर्गीय मराठी कुटुंबावर जी अनेक कार्ये परंपरेने येऊन पडतात, त्यांत मुंजी आणि लग्ने आहेत, कुरडया-पापडांची वाळवणे आहेत, साखरांबे आणि लोणची आहेत, कुलदैवताला जाऊन येण्याचा गेल्या वर्षी राहून गेलेला संकल्प आहे. आणि अलीकडे या यादीत एका नव्या कार्याची भर पडली आहे, ज्याला अद्याप कोणत्याही पंचांगकर्त्याने मुहूर्त दिलेला नाही. सारे कुटुंब घराबाहेर, मोकळ्या आकाशाखाली, एखाद्या प्रेक्षणीय स्थळी उभे करून त्याचे छायाचित्र काढवून घेणे, हे ते कार्य होय. त्यासाठी धंदेवाईक छायाचित्रकार मुकरर केला जातो, त्याला विसार दिला जातो, वस्त्रांच्या रंगसंगतीविषयी स्त्रीवर्गात मसलती झडतात, डोंबिवलीपासून पुण्यापर्यंत पांगलेल्या नातलगांना तारीख आणि वेळ कळविली जाते. आणि एवढा सगळा बंदोबस्त करताना, ज्याच्यावाचून छायाचित्र निघणेच अशक्य आहे त्या सूर्याची सोय-गैरसोय मात्र कोणीही ध्यानात घेत नाही.

विवेकी मनुष्य म्हणेल की असले उद्योग मार्गशीर्षात करावेत. तेव्हा आमच्या ठाण्याकडची हवा कोरडी आणि सुसह्य असते, सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कलून चालत असल्यामुळे त्याचे किरण तिरपे आणि सौम्य पडतात, कोणाच्या कपाळावर घाम नसतो आणि म्हाताऱ्या माणसांना उभे राहण्याचा जाच होत नाही. परंतु मार्गशीर्षात मुलांच्या शाळा चालू असतात, जावयांच्या कचेऱ्या चालू असतात, आणि परदेशी असलेला मुलगा त्या सुमारास आला तर चारच दिवसांसाठी येतो. परीक्षांचे निकाल लागून शाळांना कुलुपे पडली, म्हणजेच एप्रिलअखेर ते जूनच्या पूर्वार्धापर्यंत जी मुदत मिळते, तीच काय ती संपूर्ण कुटुंबाची मुदत. प्रकाश असतो तेव्हा कुटुंब नसते आणि कुटुंब असते तेव्हा नको तितका प्रकाश असतो, अशा या पेचातून उन्हाळी छायाचित्राचे सगळे शास्त्र निर्माण होते. आणि ते शास्त्र कोपरीसारख्या, एका अंगाला लोहमार्ग व दुसऱ्या अंगाला खाडी असलेल्या वस्तीत राहणाऱ्याला जितके गुंतागुंतीचे वाटते, तितके ते क्वचितच इतरत्र वाटत असेल.

आपल्या पूर्वजांनी या पेचावर सरळ उपाय काढला होता. ते बाहेर जातच नसत. बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी १८५३ च्या एप्रिलमध्ये धावली आणि त्याच्या पुढल्याच वर्षी मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी होते, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांनी त्याच दशकात ही विद्या आत्मसात करून तिच्यावर व्यवसाय उभारला. या मंडळींच्या हाती जी पद्धत होती तिच्यात काचेच्या तावदानावर कोलोडियनचा ओला लेप देऊन, तो वाळण्याच्या आत चित्र घ्यावे लागे आणि वाळण्याच्या आतच ते धुवावे लागे. कोलोडियन तयार करण्यास लागणारे ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळू लागते. आणि आमच्याकडच्या चैत्र-वैशाखात दुपारचा पारा कोठे असतो हे सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या ऋतूत बाटलीतले रसायनच उकळण्याच्या बेतात असे, त्या ऋतूत दहा-बारा माणसांना उन्हात कित्येक सेकंद निश्चल उभे करण्याचे साहस करणाऱ्या त्या आद्य छायाचित्रकारांविषयी मला नेहमीच आदर वाटत आला आहे.

पुढे कोरड्या काचा आल्या, स्टुडिओ आले, आणि कुटुंबांची छायाचित्रे छपराखाली निघू लागली. पडद्यावर रंगविलेला संगमरवरी जिना, त्याच्या कठड्यावर कधीही न कोमेजणारी वेल, मागे कोणत्याही भूगोलात न सापडणारे सरोवर. पुढे खुर्च्यांवर वडीलधारी, मागे उभे मुलगे आणि सुना, सतरंजीवर बालगोपाळ. या स्टुडिओंची एक बाजू काचेची असे व ती शक्यतो उत्तरेकडे ठेवावी असा युरोपातून आलेला दंडक होता, कारण तिकडे उत्तरेकडून भर दिवसाचे ऊन कधी आत शिरत नाही आणि दिवसभर एकसारखा मऊ उजेड मिळतो. आमच्या अक्षांशावर मात्र हा दंडक वर्षातले दहा महिनेच पाळला जातो. ठाणे उत्तर अक्षांशाच्या एकोणिसाव्या अंशाच्या किंचित वर आहे; मेच्या मध्यावर एका दिवशी सूर्य मध्यान्ही बरोबर आपल्या डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणून अलीकडे विद्यार्थी मोठ्या कौतुकाने काठ्या उभ्या करून तो पाहतात, आणि त्यानंतर जुलैच्या अखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेस असतो. अर्थात उत्तरेच्या काचेतून ऐन उन्हाळ्याच्या शेवटी ऊन थेट आजोबांच्या पगडीवर उतरत असणार. त्या काळच्या स्टुडिओवाल्यांनी पांढऱ्या कापडाचे पडदे लावून आपला कारभार कसा निभावून नेला, याची नोंद कोणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. पण चित्रे पाहिली म्हणजे त्यांनी तो उत्तम निभावला असे म्हणावे लागते.

कुटुंबांना छपराखालून बाहेर आणले ते छोट्या पेटीच्या कॅमेऱ्याने. आमच्या पिढीला परिचित असलेला आग्फा क्लिक थ्री हा त्यांतलाच. एका रिळात बारा चौकोनी चित्रे निघत, निवड करायची ती ऊन आणि ढग यांच्या चिन्हांपुरतीच, आणि सूर्य काढणाऱ्याच्या पाठीशी असावा ही एकमेव आज्ञा. त्या आज्ञेबरहुकूम काढलेली साठ-सत्तर सालांतली घरगुती छायाचित्रे आज कोणत्याही कपाटातून काढून पाहिली, तर त्यांत तीन गोष्टी हटकून आढळतात: कुटुंबप्रमुख चित्रात नसतो, कारण कॅमेरा त्याच्या हाती असतो; त्याची सावली मात्र खालच्या कडेने चित्रात शिरलेली असते; आणि बाकीचे सगळे डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून, जणू काही एखादे अप्रिय वृत्त ऐकत असल्याप्रमाणे समोर पाहत असतात. नवे छायाचित्रकार या आठ्यांना दोष मानतात व संगणकावर त्या पुसून काढतात. मला त्या प्रिय आहेत. ती माणसे उन्हात उभी होती, याचा तेवढाच पुरावा दप्तरी आहे.

परंतु मुख्य मामला स्थळाचा. आमच्या कुटुंबात जेव्हा हा प्रश्न निघाला तेव्हा प्रत्येक शाखेने आपापल्या गावाचा अभिमान पणाला लावला. कल्याणकरांनी दुर्गाडीचा आग्रह धरला; शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी काबीज केल्यावर जेथे आरमाराचा प्रारंभ केला तो हा किल्ला, त्याच्या पायथ्याशी खाडी, वर देवीचे मंदिर, आणखी काय पाहिजे? पाहिजे ते एवढेच की सायंकाळी सूर्य खाडीच्या बाजूला मावळतो, म्हणजे पाणी पाठीशी घेतले की सूर्यही पाठीशी येतो आणि पुढच्या माणसांच्या केवळ काळ्या आकृत्या उरतात. प्रेमी युगुलांना ते शोभते. सासू-सासऱ्यांचे चेहरे मात्र दिसलेच पाहिजेत, नाहीतर खर्च कशासाठी केला हा प्रश्न उपस्थित होतो. अंबरनाथच्या शिवमंदिराचे नाव निघाले. शके ९८२ मधले ते शिल्पकाव्य मी कितीतरी वेळा पाहिले असेल, पण त्याचा काळा पाषाण दिवसभर तापतो आणि दिवेलागणीपर्यंत ऊष्मा परत देत राहतो. त्याच्याशी पाठ टेकून कोणी वैशाखात प्रसन्न हसेल अशी अपेक्षा करणे क्रौर्याचे आहे. मासुंदा तलावाचा पक्ष घेणारेही होते. तलावपाळीवर सुटीच्या सायंकाळी आपल्याच कुटुंबाला वेगळे ओळखून काढणे कठीण, असे म्हणून तो प्रस्ताव फेटाळला गेला.

उरली आमची कोपरी. ठाण्याच्या या पूर्वेकडच्या अंगाविषयी बाहेरच्या माणसाला एरवी स्थानकाच्या जिन्यापलीकडे फारशी माहिती नसते. एकीकडे मूळचे कोळी-आगरी गाव, फाळणीनंतर येऊन वसलेल्या सिंधी बांधवांची वसाहत, त्यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या सोसायट्या, आणि या सगळ्याच्या टोकाला मीठबंदराचा घाट, जेथे भाद्रपदात गणपती पोचविले जातात आणि एरवी कोणी फिरकत नाही. घाटावर उभे राहिले की पूर्वेला खाडी, तिच्या पैलतीरी कांदळवनाची गर्द रेघ, तिच्यामागे पारसिकचा डोंगर. डाव्या हाताला, १८५४ साली कल्याणपर्यंत मार्ग वाढविताना ज्या खाडीवर पहिल्यांदा पूल बांधावा लागला, तिच्यावरूनच आजही गाड्या कळव्याकडे जात असतात. सूर्य उगवतो तो पारसिकवर, मावळतो तो शहराच्या मागे येऊरच्या डोंगराआड. म्हणजे सकाळी दुर्गाडीची संध्याकाळ होते: खाडी पाठीशी, सूर्यही पाठीशी. सकाळचा प्रकाश म्हणे सर्वांत कोवळा. पण मेच्या मध्यात तो सहाच्या ठोक्यानंतर लगेच येतो, आणि ज्या घरात अकरा माणसे आणि एक स्नानगृह आहे त्या घरातली मंडळी नेसून-सवरून खाली उतरेपर्यंत आठ होतात. आठला सूर्य जितका वर आलेला असतो तितकाच तो सायंकाळी पाचला असतो. मग सायंकाळीच का जाऊ नये?

सायंकाळी कोपरीच्या घाटावर एक दुर्लभ योग जुळून येतो. खाडीकडे पाठ केली की तोंड पश्चिमेकडे, किंचित वायव्येकडे होते. मेमधला सूर्य नेमका तेथेच, बरोबर पश्चिमेच्या जरा उत्तरेस मावळतो, म्हणून चेहऱ्यांवर समोरून प्रकाश पडतो. आणि दुपारनंतर समुद्रावरून जो खारा वारा सुटतो तोही त्याच दिशेने येतो, म्हणून बटा आणि पदर चेहऱ्यावर न येता मागे उडतात. ज्याने कधी उलट दिशेला उभ्या केलेल्या आठ स्त्रियांचे केस एकसमयावच्छेदेकरून तोंडावर आलेले पाहिले आहेत, त्यालाच या योगाची किंमत कळेल. चैत्रात मात्र हा वारा विश्वासाचा नाही. तो उशिरा सुटला की पूर्वेकडची कोरडी झळ दिवसभर वाहत राहते व ठाणे-कल्याणचा पारा चाळिशीकडे जातो. वैशाखात घाम अधिक, पण वारा वेळेवर.

वेळेच्या बाबतीत माझे म्हणणे असे होते की घड्याळ पाहूच नये, सावली पाहावी. मध्यान्ही सूर्य माथ्यावर असताना सावली पायाखाली दडते आणि भुवयांची सावली डोळ्यांत साचते. त्या वेळी काढलेल्या चित्रात सुस्वभावी माणसेही कटकारस्थानी दिसतात. पावणेचारच्या सुमारास सावली माणसाच्या उंचीइतकी होते, तरीही ऊन कठोरच असते. पाचला ती जवळजवळ दुप्पट होते आणि येथून पुढे छायाचित्राचा विचार करण्यास हरकत नाही. सहाला ती चौपट होते. सातनंतर पाचच मिनिटांत सूर्यास्त, आणि त्यानंतर आमच्याकडचा संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो. विलायती पुस्तकांत उन्हाळ्याच्या सायंप्रकाशाची जी लांबण लावलेली असते ती लंडनसारख्या, जूनमध्ये रात्री नऊनंतर सूर्य मावळणाऱ्या गावांसाठी आहे. आमच्या पदरात सहा ते सात एवढा एकच तास पडतो. त्यातली पहिली वीस मिनिटे कोणाची तरी टिकली शोधण्यात जातात.

येथपर्यंत सगळे निर्विवाद होते. वाद उपस्थित केला तो खाडीने.

खाडी काही तलाव नव्हे. ती दिवसातून दोनदा भरते, दोनदा रिती होते आणि रोज सुमारे पाऊण तास उशीर करते. छायाचित्रकार पाहणीसाठी आला होता तेव्हा पाणी काठोकाठ होते, म्हणून त्याने आपल्या वहीत अत्यंत संतोषाने काहीतरी लिहून घेतले. तो आला होता दुपारी साडेबाराला. आमच्या शेजारच्या आळीत राहणारे एक वयोवृद्ध कोळी गृहस्थ आहेत, त्यांना सारे नाखवा म्हणतात, त्यांनी हे ऐकले आणि विचारले, "तिथी कोणती होती?" तिथी चतुर्दशी होती. "मग बरोबर आहे. पुनवेला, अवसेला पाणी बाराच्या सुमारास भरणार. फोटो बाराला काढणार असाल तर पाणी मिळेल." आणि त्यांनी किनाऱ्यावरच्या पिढ्यान् पिढ्यांचा हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करावी, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वा अकरा.

सव्वा अकरा आणि बारा यांतला फरक मला बराच वेळ छळत होता. मग लक्षात आले की हा हिशेब ज्या काळी जुळविला गेला असेल तेव्हा घड्याळे प्रमाणवेळेवर चालत नव्हती, स्थानिक सूर्यावर चालत होती. मुंबईने आपली वेगळी मुंबई वेळ तर प्रमाणवेळ देशभर लागू झाल्यानंतरही १९५५ पर्यंत कायम ठेवली होती, आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. सव्वा अकरात ती ३९ मिनिटे मिळविली की बारा वाजावयास थोडेच कमी राहते, आणि समुद्राचे पाणी सुमारे २६ किलोमीटर लांबीची खाडी चढून ठाण्यापर्यंत येण्यास आणखी काही अवधी लागतोच. नाखवांना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी शांतपणे मान डोलावली. पाण्याला घड्याळ कळत नाही हे त्यांना आधीपासून ठाऊक होते.

पण या हिशेबातून जी वस्तुस्थिती निष्पन्न झाली ती मात्र मनाला हुरहूर लावणारी आहे. उधाणाची भरती, जिच्यात खाडी खरोखर काठोकाठ भरते, ती अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच येते, आणि आमच्या किनाऱ्यावर ती नेहमी मध्यान्ही वा मध्यरात्री येते. सायंकाळी सहाला पाणी भरलेले हवे असेल तर सप्तमी-अष्टमी धरावी लागते. पण ते दिवस भांगाचे, तेव्हा भरतीला जोर नसतो, पाणी अर्धेमुर्धे येते आणि काठाशी चिखलाचा एक पट्टा, त्यात अडकलेल्या पिशव्यांसह, उघडा राहतो. अर्थात ठाण्याच्या खाडीचे भरलेले पात्र आणि माणसाचा चेहरा उजळणारा प्रकाश ही दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. वर्षातून एकदा नाही, बारा वर्षांतून एकदा नाही. चंद्र-सूर्यांनी आपसांत केलेल्या या तहनाम्यात फेरफार करण्याचा अधिकार कोणत्याही छायाचित्रकारास नाही, मग त्याची बिदागी कितीही असो.

घरात यावरून दोन पक्ष झाले. सप्तमीचा पक्ष म्हणे, अर्धे का होईना, पाणी असावे. मी पौर्णिमेच्या बाजूचा. उधाणाच्या दिवशी दुपारी भरलेले पाणी सहा-साडेसहापर्यंत पार उतरते आणि खाडीचा तळ उघडा पडतो, ही गोष्ट मला दोष वाटत नाही. ओला चिखल पश्चिमेचा सगळा प्रकाश आपल्या अंगावर घेतो; त्यावर बगळे उतरतात, तुताऱ्या पळतात, आणि खाली ऐरोली-भांडुपच्या बाजूस, जो भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत गेला, तेथे मेअखेरपर्यंत हजारो रोहित या चिखलातच अन्न शोधीत असतात. कोळणींच्या टोपलीतल्या निवट्या आणि खेकडे येतात ते येथूनच. चिखल हाच खाडीचा संसार. पाणी हे तिचे पांघरूण. परंतु डोंबिवलीहून आलेल्या आत्याबाईंनी माझे भाषण मध्येच तोडून विचारले, "चिखलात उभं राहून फोटो काढायला आम्ही काय लावणीला आलोय?" घाटाच्या पायऱ्या बांधलेल्या आहेत, चिखल पाठीमागे राहील, हे मी सांगितले, पण एकदा सभा हसली म्हणजे युक्तिवादात काही अर्थ उरत नाही.

माझ्याजवळ आणखी एक युक्तिवाद होता आणि तो मी राखून ठेवला होता. पौर्णिमेचा चंद्र पारसिकवर, म्हणजे बरोबर कुटुंबाच्या पाठीशी, सूर्य मावळत असतानाच उगवतो. पण पंचांग घेऊन बसलो तेव्हा तेही इतके सरळ नाही असे दिसून आले. पौर्णिमेची तिथी दुपारीच संपत असेल तर चंद्र सूर्यास्तानंतर उगवतो. शिवाय पारसिकचा माथा ओलांडावयास त्याला आणखी काही मिनिटे लागतात. तोपर्यंत चेहऱ्यांवरचा प्रकाश विझलेला असतो. खरी तिथी आदल्या दिवसाची, चतुर्दशीची. त्या दिवशी चंद्र पाऊण तास अगोदर वर येतो, सूर्य अजून येऊरवर असतो, समोरून सोने आणि मागून रुपे असा प्रकार एका चौकटीत पंधरा-वीस मिनिटे टिकतो. आणि वैशाख शुद्ध चतुर्दशी म्हणजे नृसिंह जयंती. दिवसा नव्हे आणि रात्री नव्हे, घरात नव्हे आणि बाहेर नव्हे, अशी वेळ व जागा शोधून ज्या देवाने उंबरठ्यावर सायंकाळी अवतार घेतला, त्याच्यापेक्षा प्रकाशाची पारख अधिक कोणाला असणार? ज्यांच्याकडे नृसिंह कुलदैवत आहे त्यांच्या घरी त्या वेळी पूजा असते, ही अडचण आमच्याकडे नव्हती. मी चतुर्दशीचा प्रस्ताव मांडला.

चतुर्दशी कामाच्या दिवशी येत होती. धाकट्या जावयाने अत्यंत अदबीने सांगितले की त्यांच्या कचेरीत नृसिंह जयंतीची रजा मिळत नाही. याच्या उलट पौर्णिमा ही बुद्धपौर्णिमा असल्यामुळे राजपत्रित सुटी. त्या दिवशी सगळ्यांना सवड होती आणि रविवार नसल्यामुळे मेगाब्लॉकचीही धास्ती नव्हती. चंद्र, चिखल, रोहित पक्षी आणि ओहोटी यांनी मिळून जे काम केले नव्हते ते शासनाच्या एका परिपत्रकाने केले. सप्तमीचा पक्ष विरघळला. आत्याबाईंनीही, सुटी आहे तर येते, असे म्हटले. पुढे ढकलण्याची सोय नव्हतीच, कारण पुढची पौर्णिमा ज्येष्ठातली, म्हणजे वटपौर्णिमा. त्या दिवशी स्त्रिया उपाशी, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस उंबरठ्यावर येऊन ठेपतो. मध्ये वळीव कोसळला तर तो आगंतुक स्वागतार्हच आहे. मेमधल्या दमट हवेने पारसिकचा डोंगर एरवी फिक्या निळ्या डागासारखा दिसतो. वळिवाच्या दुसऱ्या दिवशी त्यावरची झाडे मोजता येतात. त्याची तजवीज मात्र आपल्या हाती नाही.

वस्त्रांविषयीची मसलत मी थोडक्यात सांगतो, कारण तीत मला मताचा अधिकार दिला गेला नाही. छायाचित्रकाराने सर्वांनी दुधी वा फिकट राखी रंग धारण करावा अशी सूचना पाठविली होती. हल्ली हीच वहिवाट आहे, आणि तिच्यामुळे कोणतेही कुटुंब एखाद्या आश्रमातल्या साधकांच्या तुकडीप्रमाणे दिसू लागते. थोरल्या वहिनींनी ती सूचना वाचली आणि आपली मोरपंखी इरकल इस्त्रीला दिली. प्रश्न तेथेच निकालात निघाला. सुताचे कपडे असावेत, काखेत घामाचे डाग दाखविणारा आकाशी रंग नसावा, लहान मुलांना चित्राच्या आधी आंबा देऊ नये, एवढी तीन कलमे मात्र सर्वानुमते संमत झाली. झाडाखाली उभे राहावे ही सूचना मी स्वतः खोडून काढली. गुलमोहोर त्या दिवसांत फुललेला असतो व मोह पडतो, पण त्याच्या विरळ पालवीतून उन्हाचे कवडसे गळतात, आणि एका काकाच्या नाकावर व दुसऱ्याच्या टकलावर लखलखणारे ठिपके घेऊन चित्र बिघडते. दाट झाडाखाली गेले तर पानांचा हिरवा उजेड चेहऱ्यांना कावीळ झाल्यासारखा करून सोडतो. त्यापेक्षा इमारतीची मोकळी सावली बरी, जेथे वरून सगळे आकाश दिसते. पाच वाजता पोचणाऱ्यांनी घाटाजवळच्या अशाच एका सावलीत थांबावे, पाणी प्यावे, तोंड पुसावे, आणि सावली चौपट झाली की पायऱ्यांवर यावे, असा क्रम मी कागदावर लिहून दिला.

कुटुंबाच्या फोनवरच्या समूहात तो कागद प्रसृत झाला तेव्हा त्याला सतरा जोडलेले हात आणि एक प्रश्न आला: नक्की किती वाजता? "सावली चौपट" हे उत्तर कोणालाच पुरेसे वाटले नाही, म्हणून अखेर सहा असे लिहावे लागले. पुण्याच्या मंडळींनी दुपारी दोनपर्यंत जेवायलाच यावे, डोंबिवलीकरांनी परस्पर घाटावर यावे, कल्याणकरांनी येताना मोठी छत्री आणावी, लहानग्याची झोप साडेचारपर्यंत आटोपलेली असावी ही त्याच्या आईची जबाबदारी, नाखवांना सहकुटुंब निमंत्रण द्यावे आणि ते माझ्याकडे, अशी कामांची वाटणी झाली. घाटावर वडीलधाऱ्यांना बसण्यासाठी चार खुर्च्या सोसायटीच्या कचेरीतून मिळणार आहेत. सचिवांकडे अर्ज दिला आहे, मंजुरी तोंडी आलेली आहे. आत्याबाईंनी एकच अट घातली आहे की आपली खुर्ची प्लॅस्टिकची नसावी आणि ती मधोमध असावी, आणि चष्मा त्या काढणार नाहीत.